जेम्स की थॉमस

बिस्किटांच्या जुन्या डब्यातून अंकलनी पदक काढलं आणि रुमालावर ठेवून माझ्यापुढे सरकवलं. चांदीचं, चांगलं जड. वरच्या पट्टीवर ‘मुलतान’ हे लढाईचं नाव, आणि कडेवर बारीक ठोकलेल्या अक्षरांत नाव नि पलटण: पहिली बॉम्बे युरोपियन फ्युजिलियर्स. त्या कडेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, “ताई, हा आमचा पूर्वज इकडे कसा आला ते मला माहीत आहे. कुणाचा पोरगा होता, तेवढं सांगा.”

अंकल भुसावळचे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अँग्लो-इंडियन गृहस्थ. मी पुण्यात मोडी कागद वाचते, लोकांच्या वंशावळी लावून देते. छावणीतल्या गोऱ्या शिपायांचे वंशज माझ्याकडे यायला लागले ते अलीकडेच. अंकलच्या घरच्यांच्या इच्छेवरून आडनाव इथे लिहीत नाही. पूर्वजाचं नाव जॉन, एवढं पुरे.

खरं तर उत्तर घेऊनच ते आले होते. पर्थमधल्या पुतणीनं इंटरनेटवर शोधून काढलं होतं: जॉन, वडील जेम्स, आई मेरी, आयर्लंडमधली क्लेअर काउंटी. भुसावळच्या कबरीवर नवा दगड बसवायचा, त्यावर ही दोन नावं कोरायची, असं ठरलं होतं. पाथरवटाला विसार दिला होता. माझ्याकडून हवी होती ती फक्त खातरजमा.

आपल्याकडे या कामाचा अर्धा भार नावच उचलतं. मोडी कागदात ‘राणोजी बिन तुकोजी’ असं दिसलं की बाप हाती लागतो. कंपनी सरकारच्या गोऱ्या शिपायाच्या नोंदीत बापाला जागाच नाही. भरतीच्या रजिस्टरात त्याची उंची मिळते, डोळ्यांचा रंग मिळतो, धंदा मिळतो, जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, मिळतो. बाप मिळत नाही. आमचा जॉन १८४६ साली लिमरिकला भरती झाला. वय अठरा, धंदा मजुरी. तिथून इंग्लंडमधल्या वॉर्लीच्या डेपोत, मग जहाजानं मुंबईला. बटाट्याच्या दुष्काळाची ती वर्षं. वयात दोनतीन वर्षं इकडची तिकडं करणं त्या पोरांना सहज जमायचं, म्हणून मी १८२६ ते १८३० हा सगळाच पट्टा धरून बसले.

१९२२ च्या जूनमध्ये डब्लिनच्या न्यायालयांच्या आवारात, म्हणजे फोर कोर्ट्‌समध्ये आगडोंब उसळला आणि आयर्लंडच्या सरकारी दप्तराचा मोठा भाग जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. प्रोटेस्टंट चर्चची निम्म्याहून जास्त रजिस्टरं गेली. कॅथलिक रजिस्टरं मात्र गावोगावच्या पाद्र्यांकडेच होती, म्हणून वाचली. २०१५ पासून त्यांची छायाचित्रं तिथल्या नॅशनल लायब्ररीनं सगळ्यांना फुकट खुली केली आहेत. पुण्यातल्या माझ्या टेबलावर बसून मी क्लेअरमधल्या त्या पॅरिशचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर पान पान वाचलं. जॉन दोन निघाले. आडनाव तेच, पॅरिश तोच, वाड्या वेगळ्या. १८२७ चा जॉन थॉमस आणि होनोराचा, १८२९ चा जेम्स आणि मेरीचा.

पुतणीला दुसरा मिळाला होता, आणि तिच्याकडे आधारही होता. जॉनचं लग्न १८५८ साली पुण्याच्या छावणीत झालं. त्या काळच्या लग्नाच्या नोंदीत बापाच्या नावाचा रकाना असे. इथल्या चर्चची मूळ वही इथेच राहायची आणि तिची नक्कल लंडनला जायची. इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या, कागदांत ब्रिटिश लायब्ररीत आज जे पाहायला मिळतं ती नक्कल. त्यात बापाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘जास’, म्हणजे जेम्सचं रूढ संक्षिप्त रूप. पुतणीची चूक नव्हतीच. नक्कल तेच सांगत होती.

पण नकलेवर मी बाप ठरवत नाही. मूळ वही पुण्यातच होती, मग पाहिल्याशिवाय कसं सोडणार?

लष्कर भागातल्या त्या चर्चमध्ये पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. फादरनी लोखंडी कपाट उघडून वही स्वतः उचलून आणली आणि टेबलावर आधी धुतलेला पंचा अंथरून त्यावर ठेवली. पानांच्या कडा पापडासारख्या झालेल्या, शाई तपकिरी पडलेली. वर पंखा होता, तो त्यांनी न सांगता बंद केला. मला ते फार बरं वाटलं.

नोंद सापडायला वेळ लागला नाही. बापाचा रकाना. पहिलं अक्षर, मग काहीतरी पुसट, शेवटी वर उचललेला छोटा ‘एस’. पहिल्या नजरेला मलाही ‘जास’च दिसलं. जुन्या इंग्रजी वळणात मोठा ‘जे’ आणि मोठा ‘टी’ सख्ख्या भावांसारखे दिसतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, तिथे आपण काय करतो? त्याच कारकुनाचं दुसरं पान काढतो आणि त्याचा हात ओळखून घेतो. इथेही तेच केलं. पुढच्या-मागच्या पानांवर त्याच पाद्र्याच्या अक्षरातले सगळे ‘जे’ आणि सगळे ‘टी’ शोधत बसले. त्याचा ‘जे’ दर वेळी ओळीच्या खाली उतरून डावीकडे वळायचा. त्याचा ‘टी’ ओळीवरच थांबायचा. आमच्या जॉनच्या बापाचं पहिलं अक्षर ओळीवर थांबलं होतं. मग भिंग पुसट जागेवर नेलं. तिथे ‘ए’ नव्हता. एक उभी काडी होती, काडीच्या पायाशी छोटी कमान, आणि तिला चिकटून एक गोल. ‘एच’ आणि ‘ओ’. सगळं मिळून ‘थॉस’. थॉमस लिहिण्याची जुनी रीत.

हात गार पडले माझे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणा नक्कलनविसानं, उन्हाळ्यात की दिव्याच्या उजेडात कोण जाणे, एक अक्षर चुकीचं वाचलं आणि एका माणसाला दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवलं. फादरना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “टी आहे.”

तरी एका अक्षरावर दगड कोरायला मी सांगू शकत नव्हते. पुसट जागेवर माझा डोळा मला हवं ते पाहत नसेल कशावरून? दुपारी घरी येऊन पुन्हा क्लेअरची रजिस्टरं उघडली. आता मला जेम्सचा जॉन हवा होता. त्याचं पुढे काय झालं? तो तिथेच राहिला असेल, तर आमचा शिपाई तो असूच शकत नाही. दफनाच्या नोंदी त्या पॅरिशच्या नाहीत, म्हणून लग्नं वाचायला घेतली. लॅटिन नोंदी आहेत त्या: जॉनचा योआन्नेस होतो, जेम्सचा याकोबुस. अनेक पॅरिशांत नवरा, नवरी आणि साक्षीदार एवढंच लिहिलेलं असतं. या पाद्र्यानं काही वर्षं आईबापांची नावंही लिहिली, हे आमचं नशीब. संध्याकाळी सातच्या सुमारास फेब्रुवारी १८५५ च्या पानावर तो सापडला. योआन्नेस, याकोबुस आणि मारिया यांचा मुलगा, वाडी तीच जी १८२९ च्या बाप्तिस्म्यात होती. क्लेअरमध्ये त्याचं लग्न लागत होतं, आणि आमचा जॉन त्या महिन्यात पलटणीच्या हजेरीपटावर हिंदुस्थानात हजर होता.

तेव्हा कुठे मी खुर्चीला पाठ टेकली. त्या पॅरिशमधले दोनच जॉन, त्यातला एक गळला, आणि उरलेल्याच्या बापाचं नाव मूळ वहीतल्या नावाशी जुळलं. शिवाय एक गोष्ट मी सुरुवातीलाच टिपून बाजूला ठेवली होती. जॉनच्या दुसऱ्या मुलीचं नाव होनोरा. आयरिश घरांत दुसऱ्या मुलीला बापाच्या आईचं नाव देण्याची चाल होती. पण होनोरा तिकडे गल्लोगल्ली, नुसत्या नावावर मी एक पाऊलही टाकलं नसतं. आता ती टिपण पुढे ओढली.

अंकलना फोनवर सांगणं बरं वाटेना. दोन दिवसांनी सकाळी भुसावळला उतरले. पाथरवटाला थांबवलं पाहिजे, हेच आधी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पुतणीनं एवढं सगळं केलं, तिला काय सांगायचं, ही काळजी आधी. मी तीन कागद ओळीनं मांडले: लंडनची नक्कल, वहीतल्या नोंदीचा फादरच्या परवानगीनं काढलेला मोठा फोटो, आणि १८५५ चं लग्न. भिंग त्यांच्या हातात दिलं. गार्डाचे डोळे, आयुष्यभर रात्रीचे सिग्नल वाचलेले. त्यांनी बराच वेळ पाहिलं, एकदा नक्कल, एकदा मूळ. मग बोटानं ओळ दाखवत म्हणाले, “हा खाली नाही उतरला.”

“नाही उतरला, अंकल.”

मग त्यांनी आईचं माहेरचं आडनाव विचारलं. आयर्लंडच्या कॅथलिक बाप्तिस्म्यात ते असतं, आणि १८२७ च्या नोंदीतही होतं. वाचून दाखवलं. वाडीचं नावही वाचलं, जमेल तसं. त्यांनी दोन्ही माझ्याकडून तीनतीनदा म्हणवून घेतलं. स्वयंपाकघरातून आंटी चहा घेऊन आल्या. अंकल त्यांना म्हणाले, “नोरी आत्याचं नाव कुठून आलं, कळलं का?” त्यांच्या वडिलांची आत्या. होनोराची नोरी. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरात ते कधी कुणाला महत्त्वाचं वाटलंच नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

पाथरवटासाठी केलेला जुना आराखडा त्यांनी कपाटातून काढला. ‘जेम्स आणि मेरी’ वर पेन्सिलीनं एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, थॉमस. मग पेन्सिल माझ्याकडे दिली. “होनोरा तुम्ही लिहा ताई, माझं स्पेलिंग चुकेल.”