मनोरीचा आगेरा आणि माझी चुकलेली रांग

मालाड पश्चिमेहून मार्व्याची बस, मार्व्याहून बोट, आणि दहा मिनिटांच्या आत पलीकडे मनोरी. बोटीत स्कूटर, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं आणि हातात रबरी मोजे घेतलेले आम्ही सहाजण. सप्टेंबरातले चार शनिवार-रविवार किनारा साफ करायला जात होतो. मी मूळची कोल्हापूरची, मुंबईत येऊन जेमतेम आठ महिने झालेले. पावसाळाभर समुद्राच्या पोटात गेलेलं सगळं तेव्हा वाळूवर परत येतं: एकेकट्या चपला, जाळ्यांचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या. पुड्यांचा तर मी धसकाच घेतलाय.

काम संपलं की हात धुवायला एक मावशी पाणी द्यायच्या. अंगात फ्रॉक, गळ्यात क्रूस. पहिल्या दिवशी मी आपली सुरू झाले, "आंटी, थोडा पानी मिलेगा क्या?" त्यांनी तांब्या पुढे केला आणि शेजारणीला म्हणाल्या, "पोरीला मराठी येत नाय वाटतं."

कान लाल झाले माझे. ही माणसं इथली, म्हणजे अगदी इथलीच. साष्टीतली, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या आणि ठाण्याच्या पट्ट्यातली, शेतकरी, कोळी, आगरी घराणी पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झाली, पण घरातली भाषा मराठीच राहिली. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर राहून 'ईस्ट' कसे, असं विचारू नका. नाव आलं ते ईस्ट इंडिया कंपनीवरून.

शेवटच्या रविवारी मावशींनी फर्मान काढलं, "पुढच्या आयतवारी आगेरा हाय. मोजे नको आणू, भूक घेऊन ये."

आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. ज्यांना जायचंय त्यांनी हा दिवस धरून ठेवा, पण मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेची, वेळ गावागणिक वेगळी असते, आधी विचारून घ्या. आम्ही सकाळीच पोचलो. चर्चला इथे 'देऊळ' म्हणतात, त्यामुळे "देवळात चला" ऐकून माझी मैत्रीण चपला कुठे काढायच्या ते शोधत बसली. लाल लुगडी नेसलेल्या बायका भाताच्या पेंढ्या घेऊन वाजतगाजत आल्या, फादरांनी त्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. मिस्सा मराठीत होता. नंतर एकेक लोंबी घरोघर गेली. मावशींनी माझ्याही हातावर एक ठेवली. दाणे अजून ओलसर, सालीवर बारीक लव, देठाला लाल दोरा. आजोळी कोकणात अश्विनात दारावर नवं बांधतात, तेच हे, फक्त दाराऐवजी येशूच्या तसबिरीला.

घोटाळा मधेच झाला. लोक रांगेत उभे राहून फादरांकडून काहीतरी घेताहेत हे दिसलं, मला वाटलं प्रसाद, मीही उभी राहिले. दोन माणसं पुढे उरली असताना एका शाळकरी मुलीने ओढणी धरून मला बाजूला घेतलं. तो ख्रिस्तप्रसाद, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच. कोणी रागावलं नाही, पण जेवणभर त्यावरून हशा चालला. तुम्ही गेलात तर त्या वेळी बाकावर बसून राहा. फोटोही तेव्हा नकोत.

आणि स्वयंपाकघर! फुग्या तळायचं काम चाललं होतं. मैदा, अंडं आणि नारळाचं दूध घालून आंबवलेलं सैलसर पीठ. मावशी डाव्या मुठीत ते घ्यायच्या, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर यायचा, तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी उचलून तेलात. गोल, फुगलेला, हलका. मी केलेल्यांना शेपट्या आल्या. "हे उंदीर कोणी सोडले?" असं ओरडून एका काकांनी नेमके तेच आधी खाल्ले. फुग्यांबरोबर डुकराच्या मांसाचं इंद्याल होतं, आंबट-तिखट, लसणीचं. मांस खात नसाल तर निमंत्रण घेतानाच स्पष्ट सांगा, आणि फुग्यांत अंडं असू शकतं हेही लक्षात ठेवा. आमच्यातल्या शाकाहारी मुलाने ऐनवेळी सांगितलं. बिचाऱ्याने भात आणि केळी खाल्ली, आणि यजमानांना उगाच अपराधी वाटलं.

पैसे देऊ नका. मी पाकीट उघडलं तर मावशींचा चेहराच उतरला. मग पिशवीतला आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला काढला. त्यांनी बोटावर घेऊन चाखला, "बरा हाय," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन बियरची बाटली घेऊन आल्या. बाटलीत बॉटल मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून भाजलेले वीस-पंचवीस जिन्नस कुटतात आणि गडद काचेच्या बाटलीत काठीने ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही आणि वास टिकतो.

परतीचं मात्र नीट बघा. शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा, हवा बिघडली तर फेऱ्या बंद होतात. सुट्टे पैसे जवळ असू द्या. साफसफाईला जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून जा आणि जाड तळव्याचे बूट घाला, काचा फार असतात.

आम्ही संध्याकाळच्या बोटीने निघालो. मालाड स्टेशनवर एका पोलिसाने पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे बोट दाखवलं. मसाला आहे म्हटलं तर विश्वास बसेना. मी बूच काढून बाटली नाकाजवळ नेली, तो तीनदा शिंकला आणि म्हणाला, "जा मॅडम, जा."