चाक बदलायचा सराव: साडेअकरा मिनिटांवरून अडतीस मिनिटांवर

मार्चमध्ये सुरू केलेल्या उद्योगाची ही चौथी नोंद. आधीच्या तीन नोंदींत वेळ कसा उतरत गेला ते लिहिलं होतं. पहिल्यांदा ४७ मिनिटं, मग २६, मग १७ आणि मेअखेरीला ११ मिनिटं ४० सेकंद. या खेपेला लागली ३८. तरीही चार नोंदींतली हीच मला दाखवावीशी वाटते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. गाडी २०१२ ची वॅगन आर, तेरा इंची चाकं, चाकाला चार नट, एकोणीसचा पाना. राहते धनकवडीत. वजन ५८ किलो. (हा आकडा पुढे हिशोबात लागणार आहे, नाहीतर कशाला दिला असता.) रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चांगलं चाक काढायचं, स्टेपनी लावायची, परत काढायची आणि मूळ चाक लावायचं. सेक्रेटरी काका पहिल्या दिवशी दूध घेऊन येताना थांबले होते. "पंक्चर?" "नाही काका, मुद्दाम काढलंय." काका काही न बोलता वर गेले. त्यानंतर दर रविवारी ते गॅलरीतून बघतात.

जून

अलाइनमेंटसाठी गाडी बाहेर टाकली होती. तिथल्या पोऱ्याने हवेच्या गनने चारही चाकांचे नट टर्रकन आवळून दिले. ही सवय सगळीकडचीच, म्हणून त्या गॅरेजवर राग नाही. पण पुढच्या रविवारी पाना लावला तर पहिला नट हलेना. दुसराही हलेना. पान्यावर उभी राहिले, तरी नाही.

मग वही काढली. मॅन्युअलमध्ये नटाचा टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, ८५ न्यूटन मीटर दिलाय. गाडीसोबत आलेला पाना जेमतेम २५ सेंटिमीटर लांब. त्याच्या टोकावर ८५ मिळवायला साधारण ३५ किलोचा जोर लागतो. तेवढा मी लावू शकते. पण मी अख्खी त्या टोकावर उभी राहिले तरी होतात १४२ न्यूटन मीटर. गनने त्याच्या वर आवळलं असेल तर रस्त्यात मी नाचले काय आणि रडले काय, नट तिथेच राहणार. म्हणजे मे महिन्यातली माझी ११ मिनिटं ४० सेकंद ही माझ्याच हाताने आवळलेल्या नटांची होती. दुसऱ्याने आवळलेल्या नटांपुढे आपली वेळ अनंत.

बोहरी आळीत जाऊन अर्धा इंची चौकोनी टोकाचं लांब हँडल आणि त्यावर बसणारी एकोणीसची खोल गोटी (नटावर चढणारं पान्याचं तोंड) घेतली. दुकानदाराने आधी पाइपचा तुकडा दाखवला होता, पान्यावर सरकवायला. तो घेतला नाही. लांबी मिळते, पण छोटा पाना त्या जोरासाठी घडवलेलाच नसतो. तो घसरला की पाना, नटाचे कोपरे आणि आपली बोटं, तिन्ही जातात. आता हँडल ५० सेंटिमीटरचं आहे, तेवढ्याच वजनात दुप्पट टॉर्क. ते नटावर बसवायचं ते डाव्या हाताला आडवं, घड्याळात नऊ वाजल्यासारखं, आणि जोर खाली द्यायचा. वर ओढायला गेलात तर कंबर धरते. मी धरून घेतलीय.

आणि हे सगळं चारही चाकं जमिनीवर असताना. अर्धा फेरा सैल करायचा आणि मगच जॅक. गाडी जॅकवर चढवून जाम नटाला झटके देणारे लोक मी पाहिलेत. जॅक असतो उभा भार पेलायला, आडवा झटका त्याला चालत नाही.

नट सगळे सोडवले, टॉर्क रेंचने (ठरवलेला टॉर्क आला की "कट्" वाजणारा पाना) ८५ ला परत आवळले. टॉर्क रेंच डिकीत ठेवत नाही, घरीच असते. मग रस्त्यात अंदाज कसा यायचा? ४० सेंटिमीटरवर हात धरला तर ८५ ला सुमारे २२ किलोचा दाब लागतो. म्हणून बाथरूममधला वजनकाटा टेबलावर ठेवला आणि तळहाताने २२ येईपर्यंत दाबत बसले. आठवडाभर रोज. घरच्यांनी याबद्दल मत दिलं, ते इथे लिहीत नाही.

जुलै

नट निघाले पण मागचं उजवं चाकच निघेना. पावसात हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधल्या गोलाला गंज चढतो आणि रिम तिथे चिकटून बसते. माझा पहिला विचार लाथ मारायचा होता. गाडी जॅकवर असताना तो विचार सोडून द्या. नट परत हाताने लावले, पण दोन-तीन आटे सैल ठेवून. गाडी खाली घेतली, पार्किंगमध्येच हातभर पुढे, हातभर मागे केली. दुसऱ्या हिसक्याला "टक्" आवाज आला आणि चाक सुटलं. मग तारेच्या ब्रशने गंज घासून त्या मधल्या गोलावर ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवलं. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस लावायचं नाही. आटे निसरडे झाले की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

याच महिन्यात स्टेपनीचा टायर नीट वाचला. बाजूला शेवटचे चार आकडे ०८१२, म्हणजे २०१२ चा आठवा आठवडा. गाडीबरोबर आलेला, रस्ता न पाहिलेला, नक्षी कोरी आणि रबर म्हातारं. बदलायचा असं वहीत लिहिलं आणि बदलला नाही. ही चूक माझी. हवा मात्र दर महिन्याला बघत होते. मार्चमध्ये पहिल्यांदा मोजली तेव्हा १४ पीएसआय होती, म्हणजे स्टेपनी म्हणून एक पंक्चरच बाळगत होते मी. आता ठरलेल्यापेक्षा थोडी जास्तच ठेवते, कमी करायला वेळ लागत नाही.

स्टेपनी या शब्दाचंही शोधलं. वेल्समधल्या लानेली गावातला स्टेपनी रस्ता. १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी तिथे मोटारीसाठी जादा चाक तयार केलं, कारण तेव्हाच्या मोटारी जादा चाकाशिवायच मिळायच्या. गंमत म्हणजे त्यात पंक्चर झालेलं चाक काढायचंच नव्हतं. हवा भरलेला टायर चढवलेली कडी त्याच्या शेजारी पकडींनी आवळायची आणि निघायचं! आपल्याकडे उलटी गंगा. २०२० मध्ये नियम बदलला, आता ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. भाच्याच्या नव्या गाडीत नाहीच. डिकी ऐसपैस आहे, असं तो सांगतो.

श्रावणातला दुसरा सोमवार

आई आणि आत्याला घेऊन नसरापूरला बनेश्वरला गेले होते. परतताना साडेपाच वाजले होते, भुरभुर पाऊस. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, खड्ड्यात मागचं चाक आदळलं आणि मिनिटभरात ओल्या चपलेसारखा भप् भप् आवाज सुरू झाला. ढुंगण हलवल्यासारखी गाडी मागून डुलायला लागली. ब्रेकला हात... म्हणजे पाय लावला नाही, वेग आपोआप उतरू दिला, चारी इंडिकेटर लावले आणि साइडपट्टीवर घेतली.

उतरले नाही. आरशात बघत होते तेवढ्यात एक कंटेनर गेला आणि अख्खी गाडी हलली. चाक होतं मागचं उजवं. पार्किंगमध्ये चारही चाकं सारखीच असतात. रस्त्यात डाव्या चाकाशी बसलं तर मध्ये गाडीची आड असते, उजव्याशी बसलं तर पाठीशी फक्त रस्ता. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. त्रिकोण ५० मीटर मागे ठेवला, म्हणजे माझ्या पावलांनी पासष्ट-सत्तर पावलं, तरी त्या ड्रायव्हरला माझ्यापर्यंत पोचायला दोन-सव्वादोन सेकंद. पावसात काच धूसर असली की तेवढेही नाहीत. आणि पुढे बोगदा, त्याच्या पुढे अपघातांसाठी कुप्रसिद्ध नवले पुलाचा उतार. तिकडे जाऊन थांबायचा तर विचारच नको.

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि त्याच टायरवर सरपटत निघाले, पूर्ण डाव्या कडेने, काचा खाली करून आवाज ऐकत.

"अगं, टायरचं वाटोळं होईल!" आत्या.

"होऊ दे, आत्या."

"तीन हजारांचा तरी असेल."

"वन्सं, तिला करू द्या," आई म्हणाली. आई आत्याला हे फार क्वचित म्हणते.

पाच-सहाशे मीटरवर सर्व्हिस रोडचं तोंड लागलं आणि आत एका बंद ढाब्याचं अंगण. जागा सपाट, रस्त्यापासून वीसेक पावलं आत. हा सगळा प्रवास चार मिनिटांचा. अशी जागा जवळ नसती तर चाकाला हातच लावला नसता. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं असतं आणि १०३३ ला, महामार्गाच्या मदत क्रमांकाला, फोन लावला असता.

आई-आत्या ढाब्याच्या ओट्यावर बसल्या. त्रिकोण अंगणाच्या तोंडाशी, अंगात चमकणारं जॅकेट, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये आणि तिरक्या समोरच्या, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाचरी. या पाचरी सुताराकडून करून घेतल्यात, दगड शोधत फिरावं लागत नाही. मग डिकी उघडली. वर आत्याचा पंचवीस किलो इंद्रायणी तांदूळ, त्यावर नारळ, फुलांची परडी, दोन छत्र्या, पाण्याचा कॅन. स्टेपनी या सगळ्याच्या खाली. सरावात डिकी नेहमी रिकामी असायची! तांदूळ एकटीने ओढून ओट्यावर नेईपर्यंत मला धाप लागली.

अंगणातला मुरूम पावसाने लोण्यासारखा झाला होता. इथे प्लायवूडचा तुकडा कामाला आला, एक फूट बाय एक फूट. जॅकचा तळ तळहाताएवढा असतो, तेवढ्यावर दोन-अडीचशे किलो आले की तो मातीत एका अंगाने रुततो आणि गाडी तिरकी होते. फळीवर भार कितीतरी पट जागेत पसरतो. जॅक खाचेत बरोबर बसलाय ना हे गुडघे टेकून, टॉर्च लावून बघितलं. नट माझ्याच हातचे होते, चारही कुरकुरत सुटले. चाक हातात आलं तेही जुलैच्या ग्रीसमुळे. काढलेलं चाक लगेच गाडीच्या पोटाखाली, जॅकच्या शेजारी आडवं सरकवलं. जॅक दगा देतोच म्हटलं तर गाडी चाकावर बसेल, पायावर नाही.

स्टेपनी लावतेय तोच टेम्पोवाले दादा आत आले.

"ताई, सरका, दोन मिनिटांत करतो."

"होतच आलंय, दादा."

ते थांबले, आणि चांगल्या मनानेच थांबले. नट हाताने बसवत होते, निमुळतं तोंड आत, समोरासमोरच्या जोड्या. गाडी खाली घेतली, टायर जमिनीला टेकला, तेव्हा ते पान्यावर पाय ठेवायला पुढे झाले. "नाचल्याशिवाय पक्का बसत नाही." मी म्हटलं, "दादा, नाचू नका. पुढच्या वेळेला मलाच उघडायचाय." ते हसले. मग मी वजनकाट्यावरचा २२ किलोचा हात लावला, समोरासमोर, दोन फेऱ्या. दादांना तांदूळ उचलायला सांगितला आणि प्रसादाचा नारळ दिला.

३८ मिनिटांचा हिशोब: सरपटणं ४, जागा ठाकठीक करणं ३, डिकी रिकामी करणं ७, खरं चाक बदलणं १३, दादा ५, परत भरणं ६. ज्यासाठी मी चार महिने घड्याळ लावून बसले होते तो भाग तेरा मिनिटांचा, आणि त्यातही पावसात दीड मिनिट वर गेलं.

घरी परत ताशी पन्नासच्या आत आले, म्हाताऱ्या टायरवर त्याहून जास्त धीर झाला नाही. रात्री टॉर्क रेंच लावली. तीन नटांवर लगेच "कट्" वाजलं, चौथा किंचित फिरला. ऐंशी किलोमीटर झाल्यावर परत तपासले, चारही जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्या दादांनी टायर बघून आतून बोट घातलं आणि बाहेर काढून दाखवलं. चीर बाजूच्या भिंतीला होती, खड्ड्याच्या कडेची. तिथे वात घालून भागत नाही, किटचाही उपयोग नाही. म्हणजे सरपटले नसते तरी टायर गेलाच होता. आत्याला फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाली. भाच्यालाही सांगितलं. तो गप्प होता.

दोन टायर घेतले, एक चाकाला, एक स्टेपनीला. स्टेपनीच्या वर आता जड काही ठेवत नाही, तांदूळ मागच्या सीटच्या पायाशी. अंधारातला सराव बाकी आहे, डोक्याला लावायचा टॉर्च आणलाय.

परवाच्या रविवारी सेक्रेटरी काका गॅलरीतून खाली आले, किल्ली हातात. "आमच्या गाडीचं एकदा बघता का?" स्टेपनीत हवा निघाली ८ पीएसआय. हँडल त्यांच्याच हातात दिलं. काकांनी जोर लावला, पाय लावला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि परत जोर लावला.

"हे जाम आहे हो."

"काका, घड्याळ लावलंय मी," मी म्हटलं.