चार नावं बेळगावची, एक निपाणीचं

६ जानेवारी

१७ जानेवारी १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यात होतं. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवलंय, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्या दिवशी इथं झालेल्या गोळीबारावरच्या माझ्या पुस्तकाची अर्धी अडचण त्यातच आहे. गोळीबार झाला तेव्हा इथला कलेक्टर मुंबई सरकारचा, पोलीस मुंबई सरकारचे, मुख्यमंत्री मोरारजी देसाई. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका तेवढा वगळून सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. जमिनी गेल्या, शाळा गेल्या, माणसं गेली. दप्तर मात्र एका जागी राहिलं नाही. जिल्ह्याच्या कचेरीतलं इथं राहिलं, जे आधीच मुंबईच्या गृहखात्यात पोचलं होतं ते तिकडं राहिलं. म्हणजे एका दुपारचे कागद दोन राज्यांत वाटले गेले, आणि ती दोन राज्यं सीमावादावरून २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर उभी आहेत.

आज एका कचेरीत याचा पुन्हा अनुभव आला. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ कन्नड भाषक, पण माझ्याशी आपल्या बेळगावी मराठीत नीट बोलले. अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, हे बॉम्बे गव्हर्नमेंटच्या टायमाचं हाय. आमच्याकडं कुठलं येतंय? तुम्ही मुंबईलाच विचारा की." मुंबईतून मागे उत्तर आलं होतं ते याच्या बरोबर उलट: संबंधित जिल्हा आता कर्नाटकात आहे, तेव्हा तिथं चौकशी करावी. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत याबद्दल मला शंका नाही. म्हणून तर जास्त त्रास होतो.

मग त्या गृहस्थांनीच एक वाट दाखवली. "गोळीबाराची फाइल" असं मागू नका, म्हणाले. तसं नाव कुठल्याही रजिस्टरला नसतं. त्या महिन्याचं आवक-जावक बुक मागा. कागद नष्ट केला तरी तो आला होता आणि गेला होता, याची ओळ राहिलेली असू शकते. सरकारी कागदांना वर्ग असतात, अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग तीस वर्षं, पुढचे त्याहून कमी. काडतुसं किती दिली, किती परत आली याची वही कोणत्या वर्गात गेली असेल कोण जाणे. कायम ठेवण्याच्या वर्गात ती घातली गेली असेल असं मला वाटत नाही, आणि वादाचं मूळ तर नेमकं त्या वहीत आहे.

९ जानेवारी

आज शहापुरात एका आजोबांकडे गेलो होतो. त्या वेळी चौथीत होते. मी टेप लावायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "हे बघ गा, मी गोळी घालताना बघितलो नाही. आवाज ऐकलो. वडील दुकान बंद करून आले आणि आम्हाला आतल्या खोलीत घातले. रात्री दिवा लावू दिले नाहीत. एवढंच माझं. बाकी सगळं ऐकीव."

मी त्यांच्या पाया पडलो. इतकं कमी सांगून इतकं भरवशाचं सांगणारा माणूस दुर्मिळ.

याच्या उलट मागे एका ठिकाणी मला दोन तास अखंड हकीकत ऐकायला मिळाली होती. पोलीस कुठून आले, मोर्चा कुठं अडवला, कोण काय म्हणालं, सगळं सलग. घरी येऊन जुन्या स्मरणिका काढल्या तर त्यातली वाक्यंच्या वाक्यं एका स्मरणिकेत छापलेली सापडली. सांगणारा खोटं बोलत नव्हता. दरवर्षी १७ जानेवारीला तेच वाचून, तेच ऐकून ते त्याच्या आठवणीत मुरलंय. आता त्यातलं त्याचं किती आणि छापील किती हे त्यालाही सांगता येणार नाही. दुसरी भानगड म्हणजे १९८६. कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातला जूनचा गोळीबार आणि १९५६ चा गोळीबार, मध्ये तीस वर्षं, पण म्हातारपणी दोन्ही एकमेकांत मिसळतात. १९८६ च्या गोळीबाराशी जोडलेल्या हिंडलग्याचं नाव बोलण्यात आलं की मी हळूच विचारतो, "तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?" साल विचारलं तर लोक चुकतात. लग्न, मोठ्या मुलाचा जन्म, घराला वीज आली ते वर्ष, हे चुकत नाहीत.

तेव्हा नियम केलाय: आठवण सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलं आणि इतरांकडून कळलेलं, यांची तीन वेगळी पानं. आजोबांच्या पानावर तीन-चार ओळी आल्या. त्या पुस्तकात जशाच्या तशा जातील.

१३ जानेवारी

मृत्यू नोंदवहीचा अर्ज परत आला. नाव, वडिलांचं नाव आणि तारीख अचूक द्या, म्हणतात. इथंच गाडं अडतं. बेळगावात गोळीबारात गेलेल्या चौघांपैकी मारुती बेन्नाळकर हे नाव बहुतेक ठिकाणी सारखं मिळतं. लक्ष्मण गावडे यांचंही तसंच, काही याद्यांत मधलं नाव गोविंद असं आहे. बांदेकर कुठं मधू आहेत, कुठं मधुकर. महादेव यांचं आडनाव कुणी बारीगडी छापतं, कुणी बारागडी. आता नोंद करणाऱ्या कारकुनानं त्या दिवशी कानाला जे लागलं ते लिहिलं असणार, पुढं ते मराठीतून इंग्रजीत आणि कन्नडमध्ये गेलं असणार. एका अक्षरासाठी मी पान उलटून पुढे गेलो आणि तोच माणूस मागे राहिला तर? म्हणून आता नाव न देता तारखांची मुदत देणार आहे: १७ जानेवारी ते फेब्रुवारी अखेर, सगळी पानं दाखवा. जखमी माणूस त्याच दिवशी दगावतो असं नाही. इस्पितळात आठवडाभर झुंजून गेलेल्याची नोंद "गोळी लागून" अशी न होता "ताप" किंवा "रक्तदोष" अशी होऊ शकते. वर्तमानपत्रातले आकडे दुसऱ्या दिवशीचे एक आणि पंधरवड्यानंतरचे दुसरे असतात, त्याचं एक साधं कारण हेही आहे. लोक मात्र आकडा बदलला की लगेच "लपवलं" किंवा "फुगवलं" म्हणून मोकळे होतात.

पोस्टमॉर्टेमचे कागद मिळाले तर फार मोठं काम होईल. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७४ खाली अशा मृत्यूचा पंचनामा करणं पोलिसांवर बंधनकारक होतं. जखम शरीराच्या कुठल्या बाजूला, गोळी कमरेच्या वर की खाली, समोरून की पाठीमागून, हे त्यात यावं लागतं. माणूस चालून येत होता की पळत होता, हा सत्तर वर्षांचा वाद त्या एका ओळीनं सुटू शकतो. सरकारी प्रेसनोटनं तो सुटणार नाही, कारण तिची भाषा ठरलेली असते, जमाव बेकायदा होता, इशारा दिला होता, नाइलाज झाला. आपल्या पत्रकांनीही सुटणार नाही. पत्रक लिहिणाऱ्याचं काम लोकांना उठवायचं होतं, नोंद ठेवायचं नव्हतं.

१५ जानेवारी

एक कन्नड मित्र आहे, शाळेपासूनचा. त्याला हुबळीच्या 'संयुक्त कर्नाटक'चे त्या दिवसांतले अंक वाचून दाखवायची विनंती केली होती. बेळगावच्या 'तरुण भारत'चे अंक मी वाचतो, पण एकाच बाजूचं वाचून पुस्तक लिहिलं तर ते आपल्याच लोकांत वाचलं जाईल आणि तिथंच संपेल. तो आज संध्याकाळी घरी आला, चहा घेतला आणि सरळ विचारलं, "दगडफेक झाली असं कुठं निघालं तर छापशील?"

छापीन म्हणालो. दगड पडले असतील तर ते पुस्तकात येतील. दगडाला उत्तर म्हणून गोळी चालवणं योग्य होतं का, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, उलट अधिक नेमका होतो. पण दगडाची ओळ मी गाळली आणि उद्या दुसऱ्या कुणी ती दाखवली, तर बेन्नाळकरांच्या नावावरसुद्धा लोक संशय घेतील. हे ओझं मी त्यांच्यावर टाकणार नाही.

तो म्हणाला, "मग मी वाचतो." हे सोपं नाही त्याच्यासाठी. त्याच्या घरीही या विषयावर वेगळं बोललं जातं.

१७ जानेवारी, रात्री

सकाळी हुतात्मा चौकात अभिवादनाला गेलो. नेहमीसारखी गर्दी, घोषणा, फुलं. महाराष्ट्र एकीकरण समितीचे लोक, येळ्ळूर-कंग्राळीकडून आलेली मंडळी, बरीच तरुण मुलं. एका मुलानं विचारलं, "काका, मुंबईचे १०५ म्हणतात त्यात आपले धरलेत की वेगळे?"

हा प्रश्न मोठमोठ्या भाषणांत कुणी विचारत नाही. १०५ ही घोषणा झाली, कुठं १०६ वाचायला मिळतं, कुठं १०७. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या ज्या याद्या छापल्या जातात त्यांच्या शेवटाकडे बेळगावची चार नावं आणि निपाणीचं एक येतं. म्हणजे आपले त्यात आहेत, पण अगदी शेवटी. मुंबईत २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, जानेवारी ५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नेहरूंनी आकाशवाणीवरून केली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. बेळगावात १७ तारखेला जे झालं ते त्याच आठवड्यातलं. मुंबईच्या बातम्यांच्या त्या लोंढ्यात आपली बातमी आकसून गेली असणार.

मुलाला एवढं सांगितलं की हो, धरलेत, पण ती यादी कुणी, कशाच्या आधारे केली ते मी शोधतोय. त्यानं मोबाइल काढून माझा नंबर घेतला. मदतीला येतो म्हणाला. कन्नड वाचता येतं त्याला, शाळेत शिकलाय. माझ्या पिढीला जे जमत नाही ते या मुलांना जमतं, आणि या कामाला त्याचीच गरज आहे.

एक गोष्ट मनाला लागते. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ साली गावं वाटून देण्याची शिफारस केली, २६४ महाराष्ट्राला, आणि बेळगावसह २४७ कर्नाटकाला. हे आकडे सीमाभागात शाळकरी पोरालाही पाठ आहेत. गावांची मोजदाद इतकी पक्की, आणि रस्त्यात पडलेल्या माणसांचं वय, गल्ली, धंदा, मागे कोण राहिलं, हे एका जागी लिहिलेलं नाही. आपण हार घालण्यात कधी कुचराई केली नाही. लिहून ठेवण्यात केली. मला हे कठोरपणे म्हणायचंय आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हणणार आहे.

२१ जानेवारी

निपाणी. कमळाबाई मोहिते यांच्यासाठी गेलो होतो. पाच नावांतली ही एकटी बाई, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी छापलेलं. यादीत नावाच्या आधी "निपाणी" एवढाच शब्द. काही भाषणांत तर तिला बेळगावच्याच चौकात आणून उभं करतात, पाचही जण एकाच ठिकाणी गेले असं ऐकायला सोपं वाटतं म्हणून. निपाणीची बाई निपाणीतच राहू द्यावी. १९५६ साली निपाणी चिक्कोडी तालुक्यात होती, तेव्हा पोलिसांचे कागद चिक्कोडीच्या बाजूनं शोधायचे, मृत्यूची नोंद निपाणीत. बेळगावच्या वहीत ती सापडणार नाही आणि मग कुणी तरी म्हणेल की असं नावच नव्हतं.

तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत एका आज्जीनं बसवून घेतलं. विडीकाम करून डोळे गेलेत. मोहित्यांचं घर म्हणून तिनं एक वळण सांगितलं, तिथं आता दुसरीच इमारत आहे. पण जाताना तिनं विचारलं ते महत्त्वाचं: "बाई मेली तर तिचा कागद कोण ठिवतंय बाबा? नवऱ्याच्या नावानं बघ." बरोबर आहे. रेशनकार्ड, घरपट्टी, सातबारा, सगळं पुरुषाच्या नावावर. बाईला शोधायचं तर तिच्या नवऱ्याचं, सासऱ्याचं, भावाचं नाव आधी शोधायला पाहिजे. उद्या तोच अर्ज नव्यानं लिहिणार.

शिवाय एक पत्र तयार केलंय, ओळखीच्या सगळ्या गावांत वाटायला. त्यातलं इथं उतरवतो:

"आपल्या घरी १९५६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीतला कुठलाही कागद असेल, तर कळवावे. इस्पितळाची चिठ्ठी, कोर्टाचे समन्स, तुरुंगातून आलेले पत्र, जामिनाची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, वर्तमानपत्राचे कात्रण, मागे तारीख लिहिलेला फोटो. मराठी, कन्नड, मोडी, इंग्रजी, कशातही चालेल. फाटका चालेल. त्यात आपल्या बाजूचे नसलेले काही असले तरी चालेल. मी आपल्या घरी येईन, आपल्यासमोर फोटो काढीन. कागद घराबाहेर जाणार नाही."