घरी ईव्ही चार्जर बसवला: मोजमापांपासून पहिल्या रात्रीपर्यंत

भिंतीवर लावतो त्या डब्याला सगळे चार्जर म्हणतात, पण बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करण्याचं काम तोच करतो. त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा गाडीला 'इतके अँपियर ओढ' असं सांगतो, सगळं जागेवर असेल तर आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडतो आणि काही बिघडलं की तोडतो. हे लक्षात आल्यावर मी निवडीचा क्रमच उलटा केला. आधी गाडी, मग घराची वीजजोडणी, मग केबलची वाट आणि अर्थिंग, आणि डबा सगळ्यात शेवटी.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत दोन गोष्टी शोधायच्या: ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॉटचा आणि किती फेजचा, म्हणजे विजेच्या एका जिवंत तारेवर चालणारा की तीन. माझ्या गाडीत तो ७.२ किलोवॉटचा, सिंगल फेज आहे. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. ११ किलोवॉटचा थ्री-फेज डबा घेतला की गाडी जास्त वेगाने भरेल असं वाटतं. पण तो डबा दर फेजला १६ अँपियरच देतो. सिंगल फेज गाडी त्यातली एकच फेज वापरणार, म्हणजे २३० गुणिले १६, साधारण ३.७ किलोवॉट. मोठा डबा घेऊन वेग निम्म्यावर येतो. उलट बाजूनेही तेच होतं. ११ किलोवॉटच्या थ्री-फेज गाडीला सिंगल फेज ७.४ किलोवॉटचा डबा लावला तर बऱ्याच गाड्या एका फेजवर १६ अँपियरच्या पुढे जात नाहीत. आणि ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर २२ किलोवॉटचा डबा असला तरी गाडी ३.३ च घेते.

मग खरी गरज किती? दिवसाला ४० किलोमीटर आणि १०० किलोमीटरला १५ युनिट (किलोवॉट-तास) धरले तर ६ युनिट, चार्जिंगमधली घट धरून सुमारे ७. एवढ्यासाठी ३.३ किलोवॉटवर दोन-सव्वादोन तास पुरतात. पण ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायची तर भिंतीतून साधारण २७ युनिट लागतात. ३.३ वर सव्वाआठ तास, ७.४ वर पावणेचारच्या आत. रोज रात्री गाडी घरीच उभी असेल तर ३.३ पुरेसं आहे, हे माझं प्रामाणिक मत. मी ७.४ चा मार्ग धरला तो रात्री उशिरा येऊन पहाटे निघायचे दिवस बरेच असतात म्हणून.

घरात आधीपासून असलेल्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जिंग केबल लावून भागवता येत नाही का, हा प्रश्न पहिला येतो. येतं, पण त्या सॉकेटपर्यंत डीबीपासून (घरातल्या ब्रेकरांच्या पेटीपासून) स्वतंत्र वायर हवी, आणि पोर्टेबल केबलचा करंट १० अँपियरवर उतरवता आला तर उत्तम. १६ अँपियरचा सॉकेट गिझरसाठी अर्धा तास चालतो तेव्हा काही होत नाही, पण तोच करंट आठ तास सलग गेला की आतल्या पितळी पट्ट्या तापून ढिल्या पडतात. ढिल्या पडल्या की आणखी तापतात. प्लगची एक पिन तपकिरी दिसायला लागली की तो सॉकेट त्याच दिवशी बदलावा.

वीजजोडणी बघताना मी मुख्य ब्रेकरचे अँपियर आणि घराचा मंजूर भार बघितला, आणि मग संध्याकाळी एसी, गिझर, इंडक्शन एकदम चालू ठेवून मीटरपासून येणाऱ्या फेजवर टंग टेस्टर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा चिमटा) लावला. मुख्य ब्रेकर ४० अँपियरचा, घराचा भार २३ अँपियर. त्यात ३२ ची भर घातली तर ५५. म्हणजे एक तर भार वाढवून घ्यायचा, नाही तर घराचा भार बघून स्वतःचा करंट कमी-जास्त करणारा डबा घ्यायचा. मी दुसरा पर्याय निवडला. यात मुख्य फेजवर सीटी नावाचं करंट मोजणारं एक कडं बसतं आणि तिथून डब्यापर्यंत पिळलेल्या जोडीची पातळ केबल जाते. हे कडं मीटरनंतर, पण घरातल्या कुठल्याही फाट्याच्या आधी बसायला हवं. ते चुकून चार्जरच्याच वायरवर बसवलं तर डब्याला घराचा भार दिसतच नाही आणि सगळी सोय नावापुरती राहते. तपासायला सोपं आहे: गाडी चार्जिंगला लावून गिझर चालू करायचा. काही सेकंदांत करंट उतरला पाहिजे.

करंट उतरतो तो ६ अँपियरपर्यंतच, त्याखाली चार्जिंग थांबतं. याचं कारण गाडी आणि डबा यांच्या बोलण्यात आहे. गाडीला लावायच्या टाइप २ जातीच्या प्लगमध्ये सात पिना असतात: तीन फेजच्या, एक न्यूट्रलची, एक अर्थची आणि वरच्या दोन बारीक. त्या दोनांपैकी कंट्रोल पायलट या पिनेवर डबा १२ व्होल्टचा सिग्नल ठेवतो. गाडी जोडली की तो ९ व्होल्टवर येतो, गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६ वर. आणि करंट किती घ्यायचा ते सिग्नल दर आवर्तनात किती टक्के वेळ चालू आहे यावरून कळतं. टक्क्यांना ०.६ ने गुणलं की अँपियर. १० टक्के म्हणजे ६ अँपियर, ५३ टक्के म्हणजे ३२. ठरलेल्या मानकात खालची मर्यादा १० टक्क्यांचीच आहे. सौरऊर्जेवर गाडी भरायचा विचार असेल तर हा आकडा लक्षात ठेवावा: सिंगल फेजवर किमान १.४ किलोवॉट, तिन्ही फेज वापरणाऱ्या गाडीला ४.१ च्या वर. पावसाळ्यात प्लगमध्ये ओल किंवा चिखल गेला की बिघाड दिसतो तोही बहुतेक वेळा याच बारीक पिनेमुळे. सुक्या फडक्याने पुसून, वाळू देऊन पुन्हा लावावं. कुठलाही फवारा आत मारू नये.

केबलचं गणित मी स्वतः केलं आणि ते प्रत्येकाने करावं. सहा चौरस मिलीमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ३.१ ओहम असतो. डीबीपासून डब्यापर्यंत २० मीटर, जाऊन-येऊन ४०, म्हणजे ०.१२ ओहम. ३२ अँपियरला ४ व्होल्टची घट, पावणेदोन टक्के. ठीक आहे. चार चौरस मिलीमीटरला हीच घट ६ व्होल्ट होते, अडीचला साडेनऊ. नुसती घट बघितली तर सहाची वायर पुरेशी वाटते, पण तापमान विसरून चालत नाही. पीव्हीसी आवरणाची सहाची वायर भिंतीवरच्या पाइपमधून नेली तर ३० अंशांना ४१ अँपियर वाहते. ४० अंशांना हा आकडा ०.८७ ने गुणायचा, म्हणजे पावणेछत्तीसच्या आसपास. तिच्यापुढे ४० चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपणहून सुटणारा ब्रेकर) लावला तर ब्रेकर सुटायच्या आधी वायर तापेल, म्हणजे ब्रेकर वायरला वाचवणार नाही. माझा पाइप गच्चीच्या उन्हाखालून जातो, म्हणून मी १० चौरस मिलीमीटरची वायर घातली. ओढायला जड, वळणांवर हट्टी, आणि पाइप ३२ मिलीमीटरचा लागला. तरी हा खर्च मी पुन्हा करेन.

एमसीबी ३२ चा का नाही, हेही विचारलं जातं. एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो. बंद पेटीत शेजारी दुसरे तापलेले ब्रेकर असतात. तिथे ३२ चा एमसीबी ३२ अँपियर तासन् तास वाहत असताना मध्यरात्री सुटतो आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली मिळते. म्हणून डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), सी कर्व्ह (सुरुवातीच्या क्षणिक झटक्याला न सुटणारा), ४० अँपियर, आणि पेटीत त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक जागा रिकामी.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ते: आरसीसीबी, म्हणजे अर्थमध्ये करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर. घरात बहुधा ३० मिलीअँपियरचा असतोच, पण तो टाइप एसी जातीचा, म्हणजे फक्त एसी गळती ओळखणारा असतो. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड झाला तर अर्थमधून सपाट डीसी करंट वाहू शकतो. तो आरसीसीबीच्या आतल्या चुंबकीय गाभ्याला भरून टाकतो आणि मग खरी एसी गळती झाली तरी त्याला ती कळत नाही. ब्रेकर आंधळा होतो, बाहेरून मात्र नेहमीसारखाच दिसतो. यावर दोन उपाय आहेत. डब्यातच ६ मिलीअँपियर डीसी गळती ओळखून तोडणारी सोय असेल तर डीबीत टाइप ए आरसीसीबी पुरतो. ती नसेल तर सपाट डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी घ्यावा लागतो, आणि तो बराच महाग असतो. माहितीपत्रकात '६ मिलीअँपियर डीसी' किंवा 'आयईसी ६२९५५' (याच सोयीचं मानक) असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तो डबा मी यादीतून काढला, बाकी कितीही चांगला असला तरी. आणखी एक गोष्ट: चार्जरची लाइन घरच्या टाइप एसी आरसीसीबीमधून नेऊ नये. मुख्य स्विचनंतर वेगळी फोडावी, म्हणजे गाडीच्या दोषाने घरचा आरसीसीबी आंधळा होणार नाही.

अर्थिंग नुसत्या मल्टीमीटरने तपासून समाधान मानू नये. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थ जोडलेला आहे एवढंच कळतं. दोषाचा मोठा करंट तो वाहू शकेल का हे कळत नाही, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजून एका तारेवर लोंबकळणारा अर्थही मीटरवर धडधाकट दिसतो. वायरमनकडून लूप इम्पीडन्स (दोषाचा करंट ज्या वाटेने फिरून येतो त्या पूर्ण वाटेचा रोध) मोजून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या आणि आकडे लिहून ठेवा. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज भार चालू असताना एक-दोन व्होल्टच्या वर जात असेल तर आधी त्याचं कारण शोधा. अर्थ नसेल किंवा फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बरेच डबे चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि लोक डबा खराब म्हणून परत पाठवतात.

इथवर आल्यावर डबा निवडायला फार वेळ लागला नाही. केबल जोडलेला घ्यावा की नुसता सॉकेट असलेला? रोज वापरायचं तर केबल जोडलेला सोयीचा. सॉकेटवाल्यात केबल वेगळी घ्यावी लागते आणि तिच्या प्लगमधला रोध डब्याला सांगतो की ही किती अँपियरची आहे. २० अँपियरची केबल लावली तर डबा आणि गाडी दोन्ही ३२ चे असूनही २० च मिळतात. लांबी ठरवताना गाडी सरळ आणि उलटी, दोन्ही तऱ्हेने उभी करून चार्जिंगच्या झाकणापर्यंत दोरीने मोजलं. ५ मीटर कमी पडत होती, ७ ची घेतली. छपराखाली आयपी ५४ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाची पातळी) चालतो, थेट पावसात आयपी ६५ हवा. दुपारचं ऊन लागणारी भिंत टाळावी, कारण आत तापमान वाढलं की डबा आपणहून करंट कमी करतो. ॲप चांगलं असावं, पण वायफाय गेल्यावरही प्लग लावताच चार्जिंग सुरू व्हायला हवं. हे मी विकत घ्यायच्या आधी विचारून घेतलं.

बसवताना तीन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवलं. वायर डब्यात खालून, ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसून पाणी अडवणारी कडी), आणि शिरण्याआधी खाली झोल देऊन, म्हणजे पाणी वायरीवरून आत न उतरता झोलाच्या तळाशी गळून पडतं. बहुतारी वायरच्या टोकांना फेरूल (दाबून बसवायची धातूची छोटी नळी), कारण स्क्रूखाली मोकळ्या तारा पसरतात आणि महिन्याभरात पकड सुटते. आणि डब्याच्या आतली करंटची सेटिंग. कारखान्यातून ती बहुधा ३२ वर येते. वायर बारीक असेल तर ती खाली आणल्याशिवाय झाकण लावू नये. ढिल्या स्क्रूला मी इतका का घाबरतो, तर ०.०५ ओहमचा एक सैल सांधा ३२ अँपियरला ५१ वॉट उष्णता तयार करतो. नखाएवढ्या जागेत सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखं.

पहिल्या रात्री ३२ अँपियरवर तासभर चालवून डीबी आणि डब्याचं टर्मिनल दोन्हीकडे व्होल्टेज मोजला. २२९ आणि २२६. दहाच्या वायरला हिशेबाने अडीच व्होल्टची घट येते, म्हणजे मधे कुठे सैल सांधा नव्हता. ब्रेकरला बाहेरून हात लावला तर तो कोमट लागला. हात ठेववत नसेल इतका तापला असता तर चार्जिंग थांबवलं असतं. थांबवायचं ते गाडीतून किंवा ॲपमधून, एमसीबी पाडून नव्हे. गाडी आधी करंट शून्यावर आणते आणि मग रिले उघडतो, त्यामुळे संपर्कांवर ठिणगी पडत नाही.

एका महिन्याने वीज बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळले. डीबीतला न्यूट्रल पाव आटा फिरला. पेटीच्या दारामागे एक कागद चिकटवला आहे: वायर १० चौरस मिलीमीटर, एमसीबी ४०, आरसीसीबी टाइप ए, डब्याची सेटिंग ३२, लूपचा आकडा, आणि पुन्हा आवळायची तारीख.