सोळा नग

वसुली खात्यात एकोणीस वर्षं काढली. जप्तीच्या याद्या लिहून अशी खोड लागलीय की कुणाच्या वास्तुशांतीला गेले तरी डोळे आधी पंखे मोजतात. 'टीव्ही, 21 इंची, चालू स्थितीत, नग 1.' त्यामुळे प्राचीन अथेन्सची लिलावाची यादी वाचायला घेतली तेव्हा ऑफिसातलंच काम वाटलं.

यादी इ.स.पू. 414 ची, दगडावर कोरलेली. आदल्या वर्षी शहरातल्या हर्मिस देवाच्या मूर्ती कुणीतरी रात्रीतून फोडल्या होत्या. त्या आणि गुप्त धर्मविधींची टिंगल केल्याच्या खटल्यांत दोषी ठरलेल्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. त्यातला एक केफिसोदोरस, पिरेयस बंदरात राहणारा परदेशी. त्याच्या नावाखाली सोळा माणसं.

थ्रेसची बाई, 165 द्राख्मा. थ्रेसची बाई, 135. सीरियाचा पुरुष, 240. आणखी एक सीरियाचा, 301. हा सगळ्यांत महाग, हाताला काही कसब असणार. लिडियाची बाई, 85. किमतीशेजारी विक्रीकर, शेकडा एकच्या आसपास. नाव एकाचंही नाही.

कारियाचे तिघं आहेत. पुरुष 105, मुलगा 174, लहान मूल 72. इथे मी अडकले. मूल त्या पुरुषाचंच का? तिघं एकाच गिऱ्हाइकाकडे गेले का? तसा रकानाच नाही. त्या सुमाराला देवळाच्या बांधकामावर दिवसाची मजुरी एक द्राख्मा होती. म्हणजे अडीच महिने राबलं की एक मूल.

मग राहवेना म्हणून आणखी एक हिशेब मांडला. निकियास या सेनापतीने लावरियनच्या चांदीच्या खाणींत 1000 गुलाम भाड्याने दिले होते, माणशी रोज एक ओबोल. सहा ओबोलचा एक द्राख्मा, म्हणजे रोजचे 166. पहिल्या थ्रेसच्या बाईची किंमत रोज सुटत होती! झेनोफोन या ग्रीक लेखकाने करारातली अटही नोंदवलीय: आकडा कमी होता कामा नये, गळालेला माणूस ठेकेदाराने भरून द्यायचा. आपल्याकडे मंडपवाला खुर्च्या मोजून परत घेतो, तसं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरी पंचनामा चालू होता. कपाटाला पाठ लावून चार-पाच वर्षांची पोरगी उभी होती, हलेना. "सर गं बाळ जरा," म्हणाले, आणि लिहिलं: लोखंडी कपाट, आरशाचे, नग 1.