तुम्ही विचारलंत म्हणून: ‘टीचर, पोराला कुठल्या संस्थेत घालू?’

इथे गोव्यात शिरगावच्या जत्रेत विचारता, कदंबाच्या बसमध्ये शेजारी जागा मिळाली की विचारता, दहावीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर विचारता. मुलगा सोळाचा आहे, मुलगी बारावीत जाणार, तिला समाजासाठी काहीतरी करायचंय, टीचर, कुठे घालू? मी म्हणते, बघून सांगते. मग सांगत नाही. त्यावरून डिचोलीत माझ्याविषयी दोन मतं झाली आहेत. एक, मला शिष्टपणा आलाय. दोन, त्या ग्रामसभेनंतर मी घाबरले. दुसऱ्या मताच्या लोकांना निदान काहीतरी माहीत आहे.

सोपं ते आधी उरकते. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आहे, दोन वर्षांत २४० तास. प्रमाणपत्रच हवं असेल तर इथेच थांबा, त्यात लाज नाही. अकरा वर्षं मी एनएसएस सांभाळलं. प्रमाणपत्रासाठी आलेली पोरंच बंधारे जास्त नीट बांधायची.

त्यापुढे जायचं असेल तर संस्था लागतेच असं नाही. माहितीच्या अधिकाराला वयाची अट नाही. कायदा नागरिक म्हणतो, मतदार म्हणत नाही. दहा रुपये भरा, कारण सांगावं लागत नाही, तीस दिवसांत उत्तर. फक्त अर्जावर नाव-पत्ता लागतो, आणि आमच्याकडे सकाळचा अर्ज कोणाच्या पोराचा हे संध्याकाळपर्यंत मासळी बाजारात कळलेलं असतं. सरकारचं राजपत्र दर गुरुवारी निघतं. नगरनियोजन कायद्याच्या ३९-ए कलमाखाली कोणत्या जमिनीचा झोन बदलायचा आहे त्याच्या नोटिसा त्यात येतात, हरकतीला तीस दिवस. सर्व्हे नंबरावरून डोंगर ओळखणं पोरांना आपल्यापेक्षा भरभर जमतं. खाणीची जनसुनावणी असली तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे हजर असलेल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो, सोळा वर्षांच्यालाही. ग्रामसभा मात्र मतदारांची. म्हणजे अख्ख्या खाणीबद्दल पोर विचारू शकतं, स्वतःच्या वाड्यावरच्या गटाराबद्दल नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

शिबिराच्या पहिल्या दिवशी माझं एक ठरलेलं भाषण असायचं. १९७८-७९ मध्ये गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी बसचं अर्धं तिकीट मिळवलं, ती तुमच्याच वयाची पोरं होती, वगैरे. भाषण खरं होतं. पण ती हजारोंनी होती, आणि अर्धं तिकीट प्रत्येकाच्या घराला हवं होतं, हे तेव्हाच्या मला कधी सुचलं नाही. (बसमालकांच्या पोरांनी त्या दिवसांत काय केलं असेल, हा प्रश्न तर मला आत्ता लिहिताना पडतोय.)

कोविडच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गावाच्या जैवविविधता नोंदवहीसाठी अकरावीची सहा मुलं चार रविवार वाडेवाडे फिरली. तायकिळ्याची रानभाजी कुठे उगवते, कुठल्या शेतात अजून कोरगुट भात पेरतात, सगळं लिहून आणलं. अळमी, म्हणजे अळंब्या, कुठल्या रोयणीवर, वारुळावर, येतात ते म्हाताऱ्यांनी सांगितलं नाही. ते कोणीच सांगत नाही. तीन झर नोंदवले. तिसऱ्या झराच्या वरचा डोंगर जेसीबीने निम्मा कापलेला होता, आणि परवानगी कोणी दाखवत नव्हतं. पोरांनी ठरवलं, ग्रामसभेत विचारायचं.

पोरांनी ठरवलं, असं मी इतकी वर्षं सांगत आले. ठरवलं मी.

बोलायचं कोणी, हेही मीच ठरवलं. सहांत एक मुलगी होती, कागद न बघता बोलायची, समोर कोण बसलंय याची तिला फिकीर नसायची. तिला म्हटलं, तू बोल.

रविवार, साडेदहा. प्लास्टिकच्या खुर्च्या, सेक्रेटरीच्या टेबलावर हजेरीचं रजिस्टर. इतर विषय आटोपल्यावर ती वही घेऊन उभी राहिली. दोन झर सांगून झाले, तिसऱ्याचं नाव घेतलं, तेवढ्यात पंचायतीच्या एका पंचाने हात वर केला. तो ओरडला नाही. मुद्दाम सांगते, कारण गावात जी गोष्ट फिरते तिच्यात तो ओरडतो. शांतपणे विचारलं, “तुजें नांव मतदार यादींत आसा?”

ती म्हणाली, “ना.”

“तर मागीर दोन वर्सांनी यो गो बाय.”

मागच्या रांगेत हशा झाला. तिने माझ्याकडे बघितलं. माझं नाव त्या यादीत होतं. तिचं वाक्य अर्धं राहिलं होतं; मी उभी राहिले असते तर ते मला पूर्ण करता आलं असतं, कोणालाही अडवता आलं नसतं. मी हाताने तिला बसायची खूण केली.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला समजावलं, की पोरीची शोभा होऊ नये म्हणून बसवलं. तेही थोडं खरं असेल. माझ्या भावाच्या घराच्या परवान्याची फाइल त्याच पंचायतीत पडून होती, हे पूर्ण खरं आहे.

मंगळवारी तिचे वडील शाळेच्या गेटवर आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांचा ट्रक दारात उभा राहिला, तो विकून त्यांनी जुना टिपर घेतला होता. टिपर त्याच डोंगराची माती वाहायचा. सोमवारी कंत्राटदाराने सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आवाज न चढवता ते मला म्हणाले, “टीचर, तिका खबर नाशिल्लें. तुमकां खबर आशिल्लें?”

मी म्हटलं, नाही हो, मला कसं माहीत असणार.

मला माहीत होतं. दुसऱ्या रविवारी तो टिपर आमच्या बाजूने धूळ उडवत गेला होता, मागच्या फळीवर तिचं आणि तिच्या भावाचं नाव रंगवलेलं. ती नेमकी त्या दिवशी तापाने आली नव्हती. मी नाव वाचलं, आणि पोरांना पुढच्या वळणाकडे घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, मग डोंगर कापू द्यायचा? नाही. झर महत्त्वाचा नव्हता? होता. कोणीतरी विचारायलाच हवं होतं, हे आजही म्हणेन. पण ते कोणीतरी म्हणजे मी, हे त्या हॉलमध्ये मला जमलं नाही. स्वतःच्या घराची फाइल मी जपली, आणि तिच्या घराचा टिपर मोजायचा राहिला. राहिला कसला, मोजून बाजूला ठेवला.

पुढच्या वर्षी मोलेचं आलं, तिथल्या अभयारण्यातून रेल्वे दुपदरी करण्याविरुद्धचं आंदोलन. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या पोरांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली. माझ्या विद्यार्थ्यांनीही लिहिली. तिने लिहिलं नाही, आणि मी विचारलं नाही. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली तेव्हा मला आनंद झाला आणि थोडा जळफळाटही. स्टाफरूममध्ये बोलून गेले, शहरातल्या पोराच्या पत्राला बापाचा टिपर आडवा येत नाही. एक तरुण सर म्हणाले, त्याच दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रात्रभर रुळांवर बसलेल्यांवर गुन्हे नोंदवले गेले, आयआयटीच्या जागेवरून मेळावलीत सत्तरी तालुक्यातल्या बाया पोलिसांसमोर उभ्या राहिल्या, ते काय फुकट झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

हल्ली मी एकच काम न कुरकुरता करते. सतरा पूर्ण झालेल्या पोरांचे मतदार यादीचे आगाऊ अर्ज भरून देते. २०२२पासून ती सोय आहे. अर्ज भरताना तो पंच आठवतो. मागीर दोन वर्सांनी यो. शेवटी मी त्याचंच ऐकलं का? काही दिवस वाटतं, हो. काही दिवस वाटतं, नाही, यादीत नाव असलं की निदान हात वर करून कोणी बसवणार नाही. मग आठवतं, तिला बसवलं ते पंचाने नव्हे.

गेल्या आठवड्यात एका आईचा मेसेज आला. तोच प्रश्न, मुलगा सोळाचा. या वेळी मी उत्तर दिलं. माहिती अधिकार, राजपत्र, जनसुनावणी, सगळं लिहिलं, आणि खाली विचारलं: तुमच्या घरचं कोण कुठे कामाला आहे, गाडी-मशीन असेल तर ती कोणाकडे चालते, तेवढं आधी सांगा.

तिने लिहिलं, “ते तुम्हाला कशाला?”

बरोबर आहे तिचं.

रात्री दुसऱ्या एका नंबरवरून मेसेज आला, नाव न लिहिता: “टीचर, ते राजपत्र कुठे बघायला मिळतं?” मी अजून कळवलेलं नाही. आज मंगळवार आहे.