सातबाऱ्यावरचा घोडा

कोल्हापुरात आमच्या गच्चीवरून हिवाळ्यात मृग दिसतो, व्याध तर दिसतोच. शृंगाश्व हा तारकासमूह मात्र दिसत नाही. त्याचा सगळ्यात ठळक तारासुद्धा जेमतेम चौथ्या प्रतीच्या आसपासचा (प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद), तो रस्त्यावरच्या पांढऱ्याफेक दिव्यांपुढं काय टिकणार? म्हणून जानेवारीतली अमावास्या गाठून पन्हाळ्याच्या पायथ्याला, मामाच्या गुऱ्हाळावर गेलो.

काक्षी, व्याध आणि प्रश्वा हे तीन तारे मनातल्या मनात जोडले की जवळजवळ समभुज त्रिकोण होतो. त्याच्या पोटातली काळोखी जागा म्हणजे शृंगाश्व. निदान बराचसा. व्याधानं मृगावर सोडलेला बाण ह्याच्या कडेकडेनंच गेलेला. पण आपल्या गोष्टीनं तिथं कुणाला उभं केलं नाही. टॉलेमीच्या 48 तारकासमूहांतही हा नाही. बरोबरच आहे. शिकारी आणि सावज यांच्यात मोकळं रान नको?

ते मोकळं रान बघवलं नाही पेट्रस प्लॅन्सिअसला. अ‍ॅमस्टरडॅमचा हा धर्मोपदेशक नकाशे करायचा, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या उभारणीतही होता. असल्या माणसाला रिकामा प्लॉट दिसला की हात शिवशिवणारच. 1612 च्या आपल्या खगोलावर, म्हणजे तारे रेखलेल्या गोलावर, त्यानं इथं एकशिंगी घोडा आणून बांधला. 1624 मध्ये याकोब बार्ट्शनं (हा पुढं केप्लरचा जावई झाला) त्याला आपल्या नकाशात घेतलं आणि सातबाऱ्यावर नाव चढलं.

चुलवाणाकडं पाठ करून बांधावर बसलो. डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच चुलवाण पेटतं ठेवणारा जळव्या चिपाडाचा भारा आत सारायचा, अख्खा ऊस लाल व्हायचा, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जमलं. थेट बघितलं की काहीच नाही. नजर जराशी व्याधाकडं सरकवली की कडेला बारीक ठिपके उमटत. त्यातला एक शृंगाश्वातला बीटा नावाचा तारा. दुर्बिणीत त्याचे तीन तारे होतात, विल्यम हर्शेलनं 1781 मध्ये ते पाहिले होते. माझ्याकडं दुर्बीण नव्हती.

मामा काकवीची वाटी घेऊन आला. बोटानं दाखवलं. बराच वेळ मान वर करून बघत राहिला.

"चार-पाच बारकी हाईत खरी. घोडा कुठाय?"

"तेच ठिपके जोडायचे."

"आन् शिंग?"

तेवढ्यात गुळव्यानं हाक दिली. काहिल उतरायला आली होती. मामा वाटी माझ्या हातात देऊन पळाला.